नाव काढू नका, पट्टी माफ करा

वाचकाचं पत्र

बाईंना नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातला, वय 37. बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत 11 वर्षं मोल्डर, म्हणजे वाळूत साचे बसवणारा होतो. तीन वर्षांपूर्वी बॉक्स उचलताना मणका सरकला. ऑपरेशन झालं, पण डाव्या पायात ताकद परत आली नाही. अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही आणि ओझं उचलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. मालकानं दोन महिने वाट बघितली, मग दुसरा माणूस घेतला. बायको काजू कारखान्यात जाते. संध्याकाळी ती येते तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून पडतो, तिची काळी झालेली बोटं बघवत नाहीत. आईच्या खात्यावर सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा 2,000 येतात. मुलगी चौथीत आहे.

गावात यंदा 21 वर्षांनी महालक्ष्मीची यात्रा आहे. घरटी 5,000 पट्टी आणि घरटी एक माणूस आठ दिवस श्रमदानाला. मागच्या महिन्यात देवळात बैठक झाली. यादी वाचताना माझं नाव आलं तेव्हा पंचांपैकी एकजण म्हणाले, "त्येचं नाव काढा, बिचाऱ्याला कशाला त्रास." नाव खोडलं. मागनं कुणीतरी बोललं, "बसूनच तर असतंय ते." चारजण हसले. मीपण हसलो.

त्या दिवसापासून देवळाकडं गेलो नाही. अपंगांच्या पेन्शनचा अर्ज कर म्हणून लोक सांगतात, पण फुकटचं खायला मन होत नाही. बाई, जो काही करत नाही त्याला समाजात जागा असते काय? खोटं समाधान देऊ नका.

तुमचा एक वाचक

उत्तर

तुझ्या वयाची पोरं मी दहावीला शिकवलीत, तेव्हा ‘तू’च म्हणते. आधी यादीचं बोलू. समाज वगैरे मोठे शब्द मागाहून येऊ देत.

त्या पंचांच्या पोटात पाप नसणार. गावच्या बैठकीत छप्पन्न भानगडी असतात. रथाचं लाकूड कुठनं आणायचं, मंडपवाल्याला आगाऊ किती द्यायचे, वेगळ्या झालेल्या दोन भावांचं घर एक धरायचं की दोन. त्या गडबडीत एका आजारी माणसाला मोकळं केलं, एवढंच त्यांना वाटलं असेल. पण एका रेघेत त्यांनी दोन गोष्टी खोडल्या. पट्टी माफ केली, ते ठीक. त्याबरोबर घरही खोडलं. त्यांच्या लेखी ती वसुलीची वही. पण खेड्यात वाढलेल्या कुणालाही विचार, यात्रेची यादी म्हणजे गावात चुली किती आहेत त्याची नोंद. पुढच्या यात्रेला कुणीतरी हीच वही पेटीतून काढणार आणि मागच्या खेपेला कोण कोण होतं ते बघणार. पुन्हा 21 वर्षं लागली तर तुझी मुलगी तेव्हा तिशीची असेल. माहेरवाशीण म्हणून देवीची ओटी भरायला येईल, आणि वहीत तिच्या बापाचं घरच नसेल.

तेव्हा तुला लागलं ते योग्य जागीच लागलं. ‘बसूनच असतंय’ हा टोमणा झाला. टोमण्याला उलट टोमणा देता येतो, नाहीतर चार दिवसांनी विसरता येतो. नाव खोडलं ते मात्र दयेपोटी, आणि दयेवर चिडायची सोय नसते. म्हणून तू हसलास.

आता तुझा प्रश्न. खोटं समाधान नको म्हणालास, बरं केलंस. मग ‘तूही आपल्या परीनं समाजाला काहीतरी देतोसच की’ हे वाक्य मी लिहिणार नाही. फार ऐकलंय मी ते. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीबद्दल, न बोलणाऱ्या पोराबद्दल लोक हेच सांगतात: तो हसला की घर कसं भरून जातं, हेच त्याचं योगदान. ऐकायला गोड आहे. पण पट्टी सुटली कुठं? पैशाऐवजी हसू वसूल केलं, एवढाच फरक. ज्या दिवशी पोरगं हसणार नाही त्या दिवशी त्याचं काय करायचं?

मला वाटतं ते असं. माणूस गावातला आधी असतो, राबतो मागाहून. तू जन्मलास तेव्हा बारशाला आलेल्या बायकांनी तू पुढं मोल्डर होणार का, हे विचारून पाळणा म्हटला नव्हता. वाढवलं, शिकवलं, तापात रात्र जागून काढली, मग कधीतरी विसाव्या-बाविसाव्या वर्षी तू कामाला लागलास. जागा आधी मिळाली होती. काम त्या जागेतून उगवलं. नंतर काम गेलं म्हणून जागा कशी जाईल?

गोंधळ कुठं होतो सांगते. आपल्याकडे ‘सोसायटी’ म्हटलं की खत देणारी, पीककर्ज देणारी सोसायटी. तिथं शेअर घ्यावा लागतो. शेअर नाही तर कर्ज नाही, यात कुणाचा अपमान नाही, तो संस्थेचा नियम. इंग्रजीत समाजालाही सोसायटीच म्हणतात. आणि हल्ली आपण गावालाही त्या खतवाल्या सोसायटीसारखं वागवायला लागलोय: आधी शेअर दाखव, मग बोल.

संस्थेतसुद्धा ही अट किती टिकते, ते आपल्या बेळगावानंच एकदा बघितलंय. टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे ना, ती ज्या अधिवेशनासाठी खणली ते डिसेंबर 1924 चं. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, ते इथं. तोवर चार आणे भरले की काँग्रेसचा सभासद होता येई. बेळगावात ठरलं की चार आणे नकोत, सूत द्या. महिन्याला 2,000 वार, स्वतः कातलेलं. कल्पना मोठी होती. मुंबईचा बॅरिस्टर असो की कोकणातला कुळवाडी, दोघांनी एकाच नाण्यात वर्गणी भरायची आणि ते नाणं म्हणजे हाताचं काम. पण वर्ष उलटायच्या आत, सप्टेंबर 1925 मध्ये पाटण्याला, अट सैल करावी लागली: चार आणे तरी द्या, नाहीतर वर्षाला 2,000 वार सूत द्या. सांगणारे गांधीजी, देश त्यांच्या शब्दावर तुरुंगात जाणारा, तरीही कामाच्या मापानं माणसं मोजणं एका संस्थेला वर्षभर झेपलं नाही.

त्या ठरावातलं मला आवडतं ते एक कलम. आजारपणामुळं किंवा दुसऱ्या कारणानं ज्याला कातता येत नाही, त्यानं दुसऱ्यानं कातलेलं तेवढंच सूत आणून द्यावं, असं त्यात होतं. पळवाट म्हणून त्याला नावं ठेवता येतात. पण बघ, ‘ज्याला कातता येत नाही त्याचं नाव काढा’ असं तिथं कुणी लिहिलं नव्हतं. हे कलम ध्यानात ठेव. खाली उपयोगी पडेल.

मी शाळामास्तरीण. म्हणजे निवडणूक आणि जनगणना पाचवीला पुजलेली. फेब्रुवारी 2011 मध्ये जनगणनेला माझ्या वाट्याला बेळगावच्या वडगावातली विणकरांची गल्ली आली होती. पॉवरलूमचा खटखटाट इतका, की ‘वय किती?’ हा प्रश्न दोनदा ओरडून विचारावा लागायचा. एका घरात उंबऱ्याशी बसलेली बाई चरख्यावर कांड्या भरत होती. तिला विचारलं, काम काय करता? म्हणाली, "मी काय करतोय, घरातच असतोय." हात चरख्यावर फिरतोच आहे. तिनं कांडी भरली नाही तर आतला माग बंद पडणार, तरी ती काही करत नाही! मी पेनानं ‘घरकाम’ लिहायला घेतलं होतं, आणि जनगणनेच्या भाषेत घरकाम म्हणजे काम न करणारी व्यक्ती. पुन्हा विचारलं, खोदून विचारलं, मग घरगुती उद्योगात तिची नोंद केली. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिला दूध उतू जाईल याची काळजी.

ती कांड्या भरत होती म्हणून वाचली. शेजारच्या घरातली बाई कमरेवर घागर घेऊन आली, चूल पेटवली, सासऱ्याची पथारी बदलली, आणि मी तिच्यापुढं ‘काम न करणारी’ची खूण केली. नियमच तसा होता. 2019 मध्ये सरकारनं लोकांच्या वेळेची पाहणी केली, त्यात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवतात असं आलं, घरकाम करणारे पुरुष 97. पाच तास राबून रकाना ‘काम न करणारे’. तेव्हा ‘काही करत नाही’ हा शिक्का कुणी कुणाच्या कपाळी मारायचा, हेच मुळात धड ठरलेलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्यापुढचं. 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघर माणसं मोजायची असतात. मी आणि आमचे ड्रॉइंगचे सर, बसस्टँडच्या बाजूनं फिरत होतो. अकरा वाजून गेलेले. बंद शटरच्या पायरीवर एकजण पोत्यावर झोपला होता. उठवलं तर चिडला. नाव सांगेना, गाव सांगेना. "मला कशाला लिवतासा? मी काय कामाचा?" असं म्हणून पांघरूण डोक्यावर घेतलं. सरांनी टॉर्च धरला आणि मी लिहिलं: पुरुष, वय अंदाजे 50. बाकीचे रकाने तसेच राहिले. ते रिकामे राहिले म्हणून देशाच्या बेरजेतून तो वजा झाला नाही. कागदावर माणसं आधी येतात, कामाचा रकाना बराच पुढं. एवढी अक्कल सरकारी फॉर्मला आहे. गावाच्या वहीला नसावी?

आणि आपण सीमाभागातली माणसं, आपल्याला तर हे कुणी शिकवायला नको. 1956 मध्ये नकाशावर रेघ ओढली, आपल्याला कुणी विचारलं नाही. तेव्हापासून दर 1 नोव्हेंबरला काळी फीत लावून आपण काय सांगतोय? आम्ही इथले. इथं जन्मलो, इथली भाषा बोलतो, आमचं असणं कुणी वरून दिलेलं नाही आणि कुणाला खोडता येणार नाही. भात किती पिकवलं, फौंड्रीत लोखंड किती ओतलं, सरकारला कर किती भरला, असा हिशेब मांडून आपण कधी हक्क मागितला नाही. शेजारच्या कन्नड घराचंही तसंच, तेही इथलंच. मग ज्या गावानं इतकी वर्षं ‘आमचं नाव खोडू नका’ म्हणून आरडाओरड केली, त्याच गावानं देवळात बसून एका घराचं नाव सहज खोडावं, हे मला तरी पचत नाही. पंचांना हे तोंडावर सांगू नकोस, वाद भलतीकडं जाईल. मी इथं लिहिते, त्यांच्याकडं पेपर जातो.

तू म्हणशील, संतांनी तर कामच सांगितलंय. खरं आहे. आपल्या भागात शाळांच्या भिंतींवर ‘कायकवे कैलास’ रंगवलेलं असतं, काम हाच कैलास. पण बाराव्या शतकात बसवण्णांच्या भोवती जमलेली माणसं कोण होती ते बघ. दोर वळणारा, कातडं कमावणारा, सांडलेले तांदूळ वेचणारा. ज्यांच्या कामाला जग हलकं म्हणत होतं त्यांना सांगितलं की तुझं काम हलकं नाही. तांदूळ वेचणाऱ्या मारय्याची गोष्ट तर मला फार आवडते. एके दिवशी त्यानं रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले, तर बायको लक्कम्मानं त्याला परत पिटाळलं: आपल्याला लागतात तेवढे ठेव, बाकीचे जिथले तिथं टाकून ये. काम करणाऱ्याचा मान वाढवायला निघालेलं वचन आपण काम न करू शकणाऱ्याचा मान काढायला वापरतो. उलटं धरलंय, दुसरं काय.

आता आयतखाऊंचं. असतात की. धडधाकट, चार एकर बागाईत, पण श्रमदानाच्या दिवशी हमखास बेळगावला काम निघतं आणि पंगतीला पहिल्या रांगेत. अशांवर गावानं चिडावं, बैठकीत नाव घेऊन झाडावं, दंड लावावा, माझी ना नाही. ज्याला जमतं त्यानं हात लावलाच पाहिजे, नाहीतर रथ ओढणार कोण? पण त्याचंही नाव कुणी खोडत नाही हे तुझ्या लक्षात आलं का? त्याच्यापुढं थकबाकी मांडतात. आपल्याच माणसावर थकबाकी निघते. परगावच्या माणसाकडं कुणी श्रमदान मागायला जात नाही. तुझं तर थकबाकीतही नाव नाही.

इथवर गावाचं झालं. आता एक तुला कडू लागेल असं.

बायकोची बोटं बघवत नाहीत म्हणून तू भिंतीकडं वळतोस. काजूच्या टरफलाचा चीक साबणानं जात नाही, मला माहीत आहे; आमच्या शाळेत पालकसभेला आलेल्या कितीतरी आयांचे हात मी बघितलेत, सहीच्या वेळी त्या लपवायच्या. पण तिच्या बाजूनं बघ. दिवसभर किलोवर मजुरी मोजून घेऊन ती घरी येते आणि तिला दिसते तुझी पाठ. तुला लाज वाटतेय हे तिला पाठीवरून कसं कळणार? तिला वाटत असेल, हा माझ्यावर रुसलाय.

अर्धा तास बसवतं म्हणालास. अर्ध्या तासात लसूण सोलून होतो, तांदूळ निवडून होतात, मुलीचे तेरापर्यंत पाढे होतात. पोटावर उशी घेऊन पडल्यापडल्या शेंगासुद्धा सोलता येतात, माझ्या सासूबाई तशाच सोलायच्या. हे मी तुला समाजातली जागा कमवायला सांगत नाही, नाहीतर मघाचं सगळं खोटं ठरेल. ही पट्टी नव्हे. एक माणूस दमून येतंय आणि दुसरं त्याच छपराखाली आहे, एवढाच संबंध. ज्या दिवशी कळ जास्त असेल त्या दिवशी काही करू नकोस, पण ‘आज जमत नाही’ एवढं तिच्याकडं तोंड करून सांग.

आणि काम करावंसं वाटणं, हे वेगळं दुखणं आहे, तेही खरं आहे. 11 वर्षं वाळूत हात घालून साचे बसवलेल्या माणसाचे हात स्वस्थ राहत नाहीत. मी 2016 मध्ये निवृत्त झाले. शाळा उघडायच्या दिवशी सकाळी साडेनऊला साडी नेसून, पर्स घेऊन मी दारात उभी होते. सून म्हणाली, आई, कुठं निघालात? मी म्हटलं, दूध आणायला. पर्स घेऊन! ती पोकळी मला कळते. तिच्यावर इलाज काम मिळण्याचा आहे, आणि तो शोधू या. उभ्यानं, थोड्या थोड्या वेळानं करता येईल असं काही: मोल्डिंगमध्ये नव्या पोरांना वाळूचा अंदाज शिकवणारा माणूस कुठल्या फौंड्रीला लागतो का, एखाद्या दुकानात दोन तास. पण ते मिळेपर्यंत तू गावात उपरा आहेस, हे डोक्यातून काढ. एक भूक आहे, दुसरा अपमान. दोन्हीला एकच औषध घेऊ नकोस.

‘काय करायलास सध्या?’ असं कुणी विचारलं की तू काय सांगतोस, ते लिहिलं नाहीस. सांगायचं, "पाठ बरी करायलोय." खरं आहे ते, आणि पुढचा प्रश्न बहुतेक तिथंच संपतो.

पेन्शनचं. आईच्या खात्यावर 2,000 येतात तेव्हा घरात कुणाला फुकटचं वाटत नाही, तुलाही नाही. मग तुझ्या नावचे आले की ते भीक कशी होते? आपल्या घटनेत 41 वं कलम आहे. बेकारी, म्हातारपण, आजारपण, अपंगत्व अशा वेळी सरकारनं आपल्या ऐपतीप्रमाणे मदतीची सोय करावी, असं ते सांगतं. त्याच घटनेत नागरिकांची 11 मूलभूत कर्तव्यंही आहेत, झेंड्याचा मान राखण्यापासून जंगलं जपण्यापर्यंत. कमावून आण, असं एकही नाही. मी नागरिकशास्त्र 30 वर्षं शिकवलं, तेव्हा ही यादी मला झोपेतही येते.

तर आधी अपंगत्वाचा दाखला, म्हणजे यूडीआयडी कार्ड. त्यासाठी सरकारी दवाखान्यात डॉक्टर तपासून टक्केवारी ठरवतात. बहुतेक सवलती 40 टक्क्यांपासून सुरू होतात. ऑपरेशनचे कागद, एमआरआय, सगळं फाईलमध्ये घालून ने. दाखला आला की नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या कचेरीत, पेन्शनचा अर्ज. फॉर्म कन्नडमध्ये असतो. तुला येत नसेल तर गावातली कॉलेजला जाणारी एखादी मुलगी सोबत ने, एजंटाला पैसे देऊ नकोस. आणि उन्हाच्या आत जा, तिथं बसायला बाक मिळेलच असं नाही, तुझी पाठ आधी बघ.

आता यादी. ज्यांनी नाव काढा म्हटलं त्यांच्याकडंच जा. बैठकीत नको, घरी जा, संध्याकाळी, चहाच्या वेळेला. काका, तात्या, जे म्हणत असशील ते म्हण, आणि एकच माग: "पट्टी माफ केलासा, उपकार झाले. पर नाव काढू नका. नाव लिवा आणि म्होरं ‘माफ’ असं लिवा." एवढ्यावर माणूस नाही म्हणत नाही. जमत असेल तर 5,000 च्या जागी 101 रुपये ठेव, नसेल जमत तर ठेवू नकोस, उसने काढून तर मुळीच नको. श्रमदानाचं बेळगावच्या त्या सुतासारखं कर. तुझा एखादा चुलतभाऊ, जुना दोस्त, स्वतःचे आठ दिवस झाल्यावर एक दिवस तुझ्या घराच्या नावानं जाईल का विचार. वहीत तसं लिहून घे: अमक्याच्या घरचा, हस्ते तमका. गावाला हे नवीन नाही. नवरा गल्फला असलेल्या बायका असंच करतात, आणि त्यांची नावं कुणी खोडत नाही.

यात्रेत देवी गदगेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसली की दुसऱ्या दिवशी ओट्या भरायची झुंबड उडते. त्या गर्दीत तुला उभं राहवणार नाही. सकाळी लवकर, बायको कामावर जायच्या आधी, तिघं मिळून जा. मागं कुणी हसलं तर हसू दे, या खेपेला तू हसू नकोस.

आणि फौंड्रीत पगारातून ईएसआयचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, पैसे कापले जात होते का, ते पत्रात नाही. कापले जात असतील तर दुखापत कामावर झाली याची नोंद कुठं आहे का बघ, नसेल तर सोबत काम करणाऱ्या दोघा-तिघांची नावं लिहून ठेव, आणि ऑपरेशनचे कागद घेऊन बेळगावच्या ईएसआय कार्यालयात जाऊन विचार. कामावरच्या इजेनं कायमचं अपंगत्व आलं तर दरमहा पैसे मिळायची तरतूद त्या कायद्यात आहे. तीन वर्षं झालीत, मिळेलच असं मी सांगत नाही. पण ते कार्ड शोध. अशी कार्डं बायका लोखंडी पेटीत लुगड्यांच्या खाली ठेवतात. आईला विचार.